रेस कारची बॅटरी वारंवार उतरत असल्यास दोष कसा शोधावा?

दोन बॅटऱ्या बदलूनही गाडी आठवडाभर उभी राहिली की चालू होत नाही आणि ट्रॅकवर व्होल्टेज घसरत जाते, तेव्हा आता अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारे यंत्र) बदलावा का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते अजून बदलू नये. उभ्या गाडीत बॅटरी उतरणे आणि चालत्या गाडीत ती चार्ज न होणे हे दोन स्वतंत्र दोष असू शकतात, म्हणून दोन्ही वेगवेगळे मोजावेत.

पूर्ण चार्ज झालेली लेड-ॲसिड बॅटरी काही तासांनी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. गाडी बंद ठेवून ऋण टर्मिनलची वायर काढावी आणि मधे ॲम्पिअरवर लावलेला मल्टीमीटर जोडावा; तो दाखवेल तो आकडा म्हणजे बंद गाडीतील विजेची गळती. वजन वाचवण्यासाठी बसवलेली बॅटरी १७ ॲम्पिअर-अवरची असेल, तर केवळ १०० मिलिॲम्पिअरची गळती दिवसाला २.४ ॲम्पिअर-अवर खाते. म्हणजे सात दिवसांत बॅटरी रिकामी. एकेक फ्यूज काढून पाहावा. डेटा लॉगर (गाडीची माहिती नोंदवणारे उपकरण) बहुधा वीजपुरवठा तोडणाऱ्या कट-ऑफ स्विचच्या आधीच जोडलेला असतो, त्याच्यावर माझा पहिला संशय असतो. कोणत्याही फ्यूजने आकडा उतरला नाही, तर अल्टरनेटरची जाड वायर सोडवावी. त्यानंतर गळती थांबली तर अल्टरनेटरमधील डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) खराब आहे.

त्यानंतर इंजिन सुमारे २,५०० आरपीएमवर ठेवून पंखा, पंप, दिवे सुरू करावेत आणि व्होल्टेज अल्टरनेटरवर व बॅटरीवर असे दोन्हीकडे मोजावे. कुर्ल्याच्या गॅरेजमध्ये आम्ही तयार केलेल्या एका गाडीत अल्टरनेटरवर १४.३ आणि बॅटरीवर १३.२ व्होल्ट मिळत होते. नवा अल्टरनेटर आणून झाला होता, पण दोष अर्थिंगच्या लगखाली (वायरच्या टोकाच्या धातूच्या कडीखाली) राहिलेल्या रंगाच्या थरात निघाला. अल्टरनेटरच्या बॉडीपासून बॅटरीच्या ऋण टर्मिनलपर्यंत ०.२ व्होल्टपेक्षा जास्त फरक दिसला, तर ते सारे जोड उघडून घासावेत. मुंबईच्या दमट, खाऱ्या हवेत स्लीव्हच्या आत तांबे हिरवे पडते आणि ते बाहेरून मुळीच दिसत नाही.

इंजिनवर पट्टा फिरवणारी क्रँक पुली लहान बसवली असेल, तर अल्टरनेटर हळू फिरतो आणि पिट लेनमधील कमी आरपीएमवर पंख्याचा भार अल्टरनेटरला पेलत नाही, हेही तपासावे.

एक कळकळीची विनंती : इंजिन चालू असताना बॅटरीची वायर काढून अल्टरनेटर तपासण्याची पद्धत आपल्याकडील अनेक गॅरेजांत अजून आहे, ती कृपया वापरू नका. त्या क्षणी उसळणारे व्होल्टेज डायोड आणि ईसीयू (इंजिन नियंत्रित करणारा संगणक) दोन्ही जाळू शकते.