वहीतलं दुःखी गाणं वाचून घाबरलात?

शाळेत गाणी लिहिण्याचा मोफत क्लब सुरू झाला की काही दिवसांत पालक माझ्याकडे, म्हणजे समुपदेशकाकडे, येतातच. प्रश्न तोच : "आमचं मूल इतकं उदास का लिहितंय? त्याला काही झालंय का?"

परळच्या चाळीतली एक आई नववीतल्या लेकीची वही पर्समध्ये घालूनच आली. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) एका ओळीखाली तिने रेघ मारली होती : 'ह्या घरात मला कुशीवर वळायला जागा नाही.'

"आम्ही काय कमी केलं हिला, मॅडम?"

वही वाचल्याचं आईने स्वतः लेकीला सांगावं, असा मी आग्रह धरला. मुलगी चिडली, आठवडाभर अबोला धरला. मग हळूहळू माझ्याशी बोलू लागली.

"गाण्यातली ही 'मी' कोण गं?"

बराच वेळ गप्प. "आजी. गावाहून आल्यापासून माळ्याखाली झोपते. रात्री कूस बदलायची तर आधी बाबांचे पाय सरकवते."

"आणि तू कुठेच नाहीस?"

"ध्रुवपदात आजी आहे. दुसऱ्या अंतऱ्यात मी येते."

पुढे तिने ते गाणं आईसमोर म्हटलं. आई एवढंच म्हणाली, "सासूबाई मला कधी बोलल्या नाहीत." त्या घरात अभ्यासाची, झोपण्याची जागा कशी वाटून घ्यायची, हे बोलणं तिथून सुरू झालं. अनेक भेटींत मी विचारून जे निघालं नसतं, ते दोन अंतऱ्यांत आलं होतं.

माणसाच्या स्वतःच्या गोष्टीतून समुपदेशन करण्याची पद्धत मांडणारे मायकेल व्हाइट आणि डेव्हिड एप्स्टन यांचं एक सूत्र मी कामात धरून असते : माणूस वेगळा, त्याची अडचण वेगळी. अडचण कहरवा तालाच्या आठ मात्रांत बसवताना मूल शब्द मोजतं, बदलतं, खोडतं. तेवढा वेळ तरी ते तिच्याकडे बाहेरून बघतं. जात्यावरच्या ओव्यांत बायकांनी सासुरवास असाच गायला. त्याला कुणी आजार म्हटलं नाही.

क्लब चालवणाऱ्या शिक्षकांनी आठ ते बारा मुलंच घ्यावीत. पंचेचाळीस मिनिटांत आधी दहा मिनिटं न थांबता लिहिणं, मग त्यातली एकच ओळ निवडून टाळीवर म्हणणं, त्याभोवती दोन ओळींचं ध्रुवपद, वेळ उरला तर चार ओळींचा अंतरा. यमक आधी मागितलं की मुलं सिनेमातलेच शब्द आणतात. शुद्धलेखन पहिल्या खर्ड्यात तपासू नये. सगळ्यात जास्त बिघडतं ते स्नेहसंमेलनाच्या घाईने आणि पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलेल्या व्हिडिओने; त्यानंतर मुलं फक्त टाळ्या मिळतील असं लिहितात.

पालकांनी अर्थ विचारू नये. "ऐकवशील का?" एवढं विचारावं, नाही म्हटलं तर थांबावं.

गाण्यापेक्षा दिवसाकडे बघा. दोन आठवडे झोप-जेवण बिघडलंय, मित्र तुटलेत, आवडीच्या वस्तू वाटून टाकल्या जाताहेत, किंवा गाण्याबाहेरही मरणाची भाषा आहे, तर सरळ विचारा : "जीव द्यावासा वाटतो का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उत्तर 'हो' आलं तर मुलाला एकटं सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, रात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं.