मेश वायफाय (घरभर रेंज देणारा दोन-तीन युनिटचा सेट) घ्यायच्या आधी हे बघ

अरे, पहिले घराचा नकाशा डोळ्यासमोर आण, मग मॉडेल शोध. टू बीएचके फ्लॅट असेल तर बहुतेक वेळा मेश लागतच नाही, टीव्हीच्या मागे कोंबलेला राउटर मधल्या पॅसेजमध्ये उंचावर ठेवलास तरी भागतं. पण दोन मजली घर आणि मधे आरसीसी स्लॅब असेल तर गोष्ट वेगळी, वायफायचा ५ गिगाहर्ट्झ बँड स्लॅबमधून पार मरतो, २.४ चा जरा तग धरतो पण स्पीड कमी.

आणि दुसरं युनिट जिथे रेंज शून्य आहे तिथे ठेवू नको, सगळे हेच करतात! त्यालाच सिग्नल मिळाला नाही तर तो पुढे काय देणार, म्हणून साधारण अर्ध्या वाटेवर ठेव. शक्य असेल तर दोन युनिटच्या मधे कॅट ६ केबल (नेटवर्कची वायर) ओढूनच घे, दिसायला वाईट दिसेल, दिसू दे. केबल जमतच नसेल तर ट्रायबँड (तीन बँडवाला) सेट बघ, ड्युअल बँडमध्ये (दोनच बँड) युनिट आपसात बोलण्यातच बराच स्पीड खातात. स्वस्तातल्या काही सेटला लॅन पोर्ट १०० एमबीपीएसचेच असतात, तुझा प्लॅन ३०० चा असेल तर पैसे वाया.

फायबरवाल्याचा डबा ब्रिज मोडला टाकून घे, म्हणजे राउटरचं काम मेशच करेल, नाहीतर मेशच ॲक्सेस पॉइंट मोडमध्ये चालव, म्हणजे तो फक्त वायफाय देईल आणि राउटरचं काम डबा करेल.