@ म्हणजे तुम्ही: नेटहॅक सुरू करणाऱ्यांचे प्रश्न

रोगलाइक (भुयारात उतरायचं, पात्र मेलं की पहिल्यापासून सुरुवात) प्रकारच्या खेळांबद्दल आलेल्या प्रश्नांपैकी बहुतेक नेटहॅकबद्दलचे आहेत, म्हणून या वेळी फक्त नेटहॅक. उत्तरं 3.6 आवृत्ती धरून दिली आहेत. कळांबद्दल एक खुलासा: नुसतं 'डब्ल्यू' लिहिलं असेल तर साधी कळ, 'शिफ्ट-डब्ल्यू' लिहिलं असेल तर कॅपिटल. पहिलीने शस्त्र हातात येतं, दुसरीने चिलखत अंगावर चढतं.

प्रश्न: खेळ उघडला तर काळ्या पडद्यावर ठिपके, रेघा आणि एक @. हे वाचायचं कसं? आणि कळा दाबल्या तरी काही होत नाही.

दुसऱ्या तक्रारीचं उत्तर आधी. कीबोर्ड मराठीवर राहिला असेल तर तो इंग्रजीवर आणा. खेळाला देवनागरी अक्षरं आज्ञा म्हणून कळत नाहीत.

आता पडदा. @ म्हणजे तुम्ही. ठिपका म्हणजे खोलीतली फरशी, # म्हणजे बोळ, + म्हणजे बंद दार, > खाली जाणारा जिना, < वर जाणारा. { कारंजं, _ वेदी, ^ सापळा. वस्तूंमध्ये % खाणं, ! औषधी द्रव, ? गुंडाळी, / जादूची कांडी, = अंगठी, [ चिलखत, ) शस्त्र. फिरणारी अक्षरं म्हणजे प्राणी, आणि अक्षराइतकाच त्याचा रंगही महत्त्वाचा. हे पाठ करत बसू नका. अर्धविराम (;) दाबा, कर्सर त्या चिन्हावर न्या, पूर्णविराम दाबा. ते काय आहे हे खेळ सांगतो आणि त्यात एकही टर्न (खेळातली एक चाल) खर्च होत नाही. नेटहॅकमधली सर्वांत उपयोगी आज्ञा आमच्या मते हीच.

चालायला एच, जे, के, एल (डावीकडे, खाली, वर, उजवीकडे) आणि तिरप्या दिशांना वाय, यू, बी, एन. कीबोर्डला वेगळं नंबरपॅड असेल तर शिफ्ट-ओ दाबून पर्यायांमध्ये 'नंबर पॅड' चालू करा. तिथेच 'टाइम' हा पर्यायही चालू करा, म्हणजे खालच्या ओळीत टर्नचा आकडा दिसतो. तो पुढे प्रार्थनेच्या वेळी लागणार आहे. @ ही कळ दाबली की वस्तू आपोआप उचलणं बंद होतं. तेही कराच, नाहीतर थैली कचऱ्याने भरते आणि वजनाने पात्र मंदावतं.

उबुंटू किंवा डेबियनवर 'नेटहॅक-कन्सोल' हे पॅकेज घ्या. विंडोजसाठी अधिकृत संकेतस्थळावर तयार फाइल मिळते.

प्रश्न: सुरुवातीला तेरा भूमिका दिसतात. कोणती घ्यावी? जादूगार आकर्षक वाटतो.

वाटतोच, पण त्याचे एचपी (जीव किती उरला याचा आकडा) सुरुवातीला इतके कमी असतात की दोन-तीन फटक्यांत खेळ आटोपतो. पर्यटकाचं तर नावही काढू नका. वाल्किरी (लढवय्यी स्त्री) घ्या. तिच्याकडे लांब तलवार, एक खंजीर आणि +3 ची छोटी ढाल असते, थंडीचा मारा तिला लागत नाही आणि ती मुळातच आवाज न करता चालते.

वंश मानवी की बुटका? बुटक्या वाल्किरीला अंधारात उबदार रक्ताचे प्राणी दिसतात आणि भूमिगत खाणींतले शिफ्ट-जी (नोम) आणि एच (बुटके) बहुतेक तिच्याशी मैत्रीने वागतात. पहिल्या काही खेळांसाठी हाच फरक निर्णायक ठरतो, कारण मानवी पात्र घेऊन खाणीत उतरलात की लाल रंगाचा एच कुदळ किंवा मॅटॉक (दोन हातांनी चालवायची जड कुदळ) घेऊन समोर येतो. त्याच्या हातच्या मॅटॉकचा एक फटका 20 एचपीपर्यंत नेतो, आणि अनुभवाच्या पहिल्या पातळीवर तुमच्याकडे त्याहून कमीच असतात.

बुटकी वाल्किरी घेतलीत तर एक पथ्य पाळा. मित्रपक्षाच्या प्राण्यावर चालून गेलात की 'खरंच हल्ला करायचा?' असं खेळ विचारतो. तिथे एस्केप दाबा. शांत प्राण्याला मारलं की नशीब 5 ने घसरतं. नशीब दर 600 टर्नला एकच अंक सावरतं, म्हणजे पुरते 3,000 टर्न तुमची कोणतीही प्रार्थना फळणार नाही. नंतर भुकेने किंवा जखमेने मेलेल्या अनेकांचा घात असा आधीच झालेला असतो, त्यांना तो कळत नाही इतकंच.

प्रश्न: दर वेळी उपासमार होते. एकच फूड रेशन मिळतं, ते संपलं की काय करायचं?

हिशेब असा. सुरुवातीला पोटात 900 एकक असतात आणि टर्नला एक खर्च होतं. 150 च्या खाली गेलं की 'हंग्री' दिसतं, 50 च्या खाली 'वीक'. म्हणजे काहीच खाल्लं नाही तर साधारण 850 व्या टर्नला तुम्ही वीक होता. फूड रेशन 800 एककांचं असतं. ते शेवटपर्यंत राखा आणि रोजचं पोट मेलेल्या प्राण्यांवर भरा.

प्रेत ताजं हवं: स्वतः मारलेलं, आणि तीसेक टर्नच्या आत. आयतं पडलेलं प्रेत खाऊ नका. शिळ्या मांसाने होणारी विषबाधा जीव घेते. शिफ्ट-झेड (झाँबी) आणि शिफ्ट-एम (ममी) यांचं प्रेत तुम्ही आत्ता मारलं असलं तरी शिळंच समजा, खेळ ते आधीच जुनं धरतो. पिवळा सी म्हणजे कॉकॅट्रिस. तो खाल्ला, किंवा उघड्या हाताने उचलला तरी तुमचा दगड होतो. कुत्री-मांजरं खाऊ नका. स्वतःच्या वंशाचं तर नाहीच, म्हणजे बुटक्या वाल्किरीने बुटक्याचं प्रेत सोडून द्यायचं. लायकेनचं प्रेत मात्र कधीच सडत नाही. ते थैलीत ठेवा.

आणि प्रार्थना. # दाबा, इंग्रजीत 'प्रे' टाइप करा, एंटर. वीक असताना फळली की पोट पुन्हा 900 वर येतं. हंग्री ही देवाच्या लेखी किरकोळ अडचण आहे, वीक ही मोठी, तेव्हा वीक दिसेपर्यंत थांबा. एचपी 5 किंवा कमी, अथवा कमाल एचपीच्या एक सप्तमांशाहून कमी उरले तर तीही मोठी अडचण. पहिली प्रार्थना 300 टर्न झाल्यावर, पुढची मागच्या प्रार्थनेनंतर 1,000 टर्नांनी. हे अंतर जरा जास्तच सांभाळून धरलेलं आहे, पण नवख्याने तेच पाळावं. टर्नचा आकडा कागदावर टिपून ठेवा.

प्रश्न: निळ्या 'ई'ला तलवारीने मारलं आणि मग काहीही दाबता येईना. कुठल्याशा फालतू प्राण्याने येऊन मला संपवलं. हा बग आहे का?

नाही, हा तरंगता डोळा. नेटहॅकमधला सर्वांत प्रसिद्ध मृत्यू. तो स्वतः कधीच हल्ला करत नाही. तुम्ही जवळून वार केलात आणि नजरानजर झाली की तुम्ही जागीच गोठता, 127 टर्नपर्यंतसुद्धा. तेवढ्या वेळात एखादा उंदीरही पुरतो.

तुमचा वेग 12, त्याचा 1. नुसतं बाजूने निघून जा. मारायचाच असेल तर दुरून खंजीर फेका: टी, मग वस्तूचं अक्षर, मग दिशा. मेला तर ताजा खा, त्याने टेलिपथी मिळते. डोळ्यांवर पट्टी बांधली की मजल्यावरचे बुद्धी असलेले प्राणी दिसू लागतात.

शिफ्ट-एफ दिसणाऱ्या बुरशींचंही असंच. त्या जागची हलत नाहीत, हात लावणाऱ्याला भाजतात. हिरवी बुरशी आम्लाने चार फाशांइतकं, म्हणजे 24 एचपीपर्यंत नुकसान करते. गंमत म्हणजे निरुपद्रवी लायकेनही शिफ्ट-एफच आणि तोही हिरव्याच छटेचा. म्हणून अर्धविराम.

प्रश्न: 'एल्बेरेथ' लिहिलं की प्राणी जवळ येत नाहीत असं सगळीकडे वाचलं. मी लिहिलं, वर उभा राहून लढलो, तरी मेलो.

तुम्ही वाचलेला सल्ला 3.4.3 चा असणार. ती आवृत्ती 2003 साली आली आणि पुढची 3.6.0 थेट डिसेंबर 2015 मध्ये. मधल्या बारा वर्षांत लिहिलेलं बरंचसं मार्गदर्शन अजून फिरतं आहे आणि ते या एका बाबतीत आता चुकीचं आहे.

3.6 मध्ये त्या अक्षरांवर उभं राहून तुम्ही वार केलात की ती पुसली जातात. बाण मारला, कांडी झटकली तरी तेच. शिवाय एखादा प्राणी त्यांना घाबरला की दर वेळी सातात एक शक्यता असते ती पुसण्याची. तेव्हा हे लढण्याचं नाही, दम घेण्याचं ठिकाण आहे. शिफ्ट-ई, मग बोटांसाठी वजाचं चिन्ह, आणि मग ई-एल-बी-ई-आर-ई-टी-एच. जुन्या खुणेला जोडायचं का असं विचारलं तर 'एन'. लिहिताना अक्षर चुकू शकतं, म्हणून विसर्गचिन्ह (:) दाबून वाचून घ्या. @ दिसणारी माणसं आणि मिनोटॉर याला भीक घालत नाहीत, आणि दुरून फेकलेलं शस्त्र लागायचं ते लागतंच.

प्रश्न: खाली किती लवकर उतरायचं?

सावकाश. नव्याने येणारे प्राणी किती बलवान असतील हे मजल्याची खोली आणि तुमची पातळी यांच्या सरासरीवर ठरतं. पातळी 3 असताना दहाव्या मजल्यावर पोहोचलात तर तिथे तुमच्या ताकदीबाहेरचे प्राणी भेटणारच.

चांगला क्रम असा. दुसऱ्या ते चौथ्या मजल्यादरम्यान खाली जाणारा दुसरा जिना सापडतो, तो खाणींचा. तिथून माइनटाउनपर्यंत जा: दुकानं, देऊळ, वेदी. पुजाऱ्याला (# आणि 'चॅट') तुमच्या पातळीच्या 400 पट सोनं एकरकमी दिलंत तर तो संरक्षण वाढवतो. पातळी कमी असताना हे स्वस्त पडतं. मग मूळ डंजनमध्ये (मुख्य भुयारात) परत या आणि साधारण 6 ते 9 मजल्यांत वर जाणारा दुसरा जिना शोधा. ते सोकोबान, दगड ढकलण्याची चार मजल्यांची कोडी. शेवटी जादूची थैली किंवा परावर्तनाचा ताईत मिळतो. घाईने दगड फोडलात तर नशीब घटतं.

वाटेत एसी (चिलखताच्या संरक्षणाचा आकडा) कमी करत राहा, आकडा जितका खाली तितकं बरं. वाल्किरी 6 वर सुरू होते. बुटक्यांचं लोखंडी शिरस्त्राण आणि बूट मिळाले की 2. पातळी 5 झाली की कारंज्यात लांब तलवार बुडवा (# आणि 'डिप'). सहात एक शक्यतेने तिची एक्सकॅलिबर (खास जादूची तलवार) होते. बुटकी वाल्किरी कायद्याच्या पक्षाची, तिला हे चालतं. तटस्थ मानवीने करू नये, तलवार शापित होऊ शकते. पाणसाप निघू शकतात, म्हणून एचपी भरलेले असताना करा.

प्रश्न: ओळख नसलेल्या गोष्टी वापरून बघाव्यात का?

अंगठ्या आणि ताईत नाही. गळा आवळणारा ताईत सहा टर्नमध्ये मारतो. कांडी मात्र बेधडक तपासा: आधी बोटाने धुळीत काहीतरी लिहा, मग शिफ्ट-ई दाबून त्या कांडीने लिहा. जमिनीवरचे किडे हलायचे थांबले असा संदेश आला तर ती झोपेची किंवा मृत्यूची कांडी आहे. जपून ठेवा.

शाप ओळखायला वस्तू वेदीवर टाका: काळी चमक शापित, सोनेरी आशीर्वादित. वेदी दूर असेल तर पाळीव प्राण्याकडे बघा, शापित वस्तूवर तो नाखुशीनेच पाय ठेवतो. गुंडाळ्यांमध्ये मूळ किंमत 20 असलेली एकच, ओळख पटवणारी. दुकानदार गुंडाळीला 10 देऊ करत असेल तर तीच, विकू नका, वाचा.

प्रश्न: बंद दारावर लाथ मारली आणि दुकानदाराने मला ठार केलं.

दारासमोर जमिनीवर 'दुकान बंद' असं लिहिलेलं असतं. ते वाचा. आणि कुदळ घेऊन दुकानात शिरायला मिळत नाही, ती बाहेर ठेवा.

प्रश्न: सेव्ह फाइलची प्रत ठेवली तर चालेल का? दर वेळी पहिल्यापासून सुरू करायचा कंटाळा येतो.

शिफ्ट-एसने खेळ जतन होऊन बंद होतो, आणि पुन्हा उघडताच ती फाइल पुसली जाते. हे मुद्दाम आहे. प्रत ठेवून खेळणाऱ्याला धोका ओळखायची सवय लागत नाही, कारण त्याला थांबून थैली उघडावी लागत नाही. सराव हवा असेल तर त्यासाठी वेगळी सोय आहे. खेळात # दाबा, इंग्रजीत 'एक्सप्लोरमोड' टाइप करा आणि शोधपद्धत चालू करा. मेलात की 'मरायचं?' असा प्रश्न येतो, 'एन' म्हणा आणि पुढे चला. गुणतक्त्यात त्या खेळाची नोंद होत नाही. कॉकॅट्रिस, कारंजं, सोकोबान, सगळं तिथे करून बघा आणि खरा खेळ नव्या पात्राने सुरू करा.