सूपच्या पाण्यात काय उकळले, एवढे आधी विचारा

प्रश्न : आम्ही शाळेपासूनच्या पाच मैत्रिणी सोलापुरातच राहतो. सहावी मैत्रीण लग्नानंतर जपानमधील योकोहामाला गेली आणि आता काही वर्षांनी महिनाभरासाठी माहेरी येत आहे. तिला आम्ही शहरातील जपानी पदार्थ देणाऱ्या एका लहानशा रेस्टॉरंटमध्ये जेवायला न्यायचे ठरवले आहे. आमच्यापैकी दोघी शाकाहारी आहेत आणि त्यातील एक तर अंडेही खात नाही. काड्यांनी (चॉपस्टिक्सनी) जेवणे आम्हा कोणालाच जमत नाही. तिच्यासमोर काही चुकीचे वागून संध्याकाळ अवघडल्यासारखी होऊ नये, म्हणून काय मागवावे, काय टाळावे आणि बिल कसे द्यावे, हे कृपया सांगावे.
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : तुमच्या पत्रात काड्यांची काळजी अधिक आणि शाकाहारी मैत्रिणींची थोडी कमी दिसते. माझ्या मते हा क्रम उलटा असायला हवा, म्हणून आधी त्यांच्याविषयी लिहिते.

जपानी स्वयंपाकाचा पाया ‘डाशी’ नावाचे पाणी आहे. कोम्बू ही समुद्री वनस्पती आणि धुरावर सुकवून कडक केलेल्या बोनिटो माशाचा कीस पाण्यात घालून, त्यांचा अर्क उतरला की ते गाळून घेतात. गाळल्यावर त्यात माशाचा तुकडाही उरत नाही. मात्र मिसो सूप (आंबवलेल्या सोयाबीनच्या लगद्याचे), नूडल्सचा रस्सा, तळलेल्या टोफूवर म्हणजे सोयाबीनच्या पनीरवर ओततात तो पातळ रस आणि टेम्पुरासोबतची, म्हणजे पातळ पिठात बुडवून तळलेल्या पदार्थांसोबतची, चटणीवजा वाटी या सर्वांत तेच पाणी असते. काही वर्षांपूर्वी मी एका शाकाहारी मैत्रिणीला अशाच एका ठिकाणी नेले होते. ‘यात मासा आहे का?’ या माझ्या प्रश्नाला ‘नाही’ असे उत्तर मिळाले आणि तिने अर्धी वाटी सूप प्यायल्यावर खरा प्रकार कळला. तिने वाटी हळूच खाली ठेवली, रुमालाने ओठ पुसले आणि त्यानंतर संध्याकाळभर ती पाण्याशिवाय काहीही प्यायली नाही. ती मला एका शब्दानेही बोलली नाही, परंतु ते शल्य मला आजही आहे. म्हणून ‘मासा आहे का?’ असे न विचारता ‘या पाण्यात काय उकळले आहे?’ असे विचारा, आणि तेही दोन दिवस आधी फोन करून विचारा. केवळ कोम्बू आणि सुक्या शिताके अळंबीची डाशीही करता येते. जपानमधील बौद्ध मठांच्या शाकाहारी स्वयंपाकात ती परंपरेने वापरली जाते. त्यामुळे तुमची मागणी स्वयंपाक्याला अनोळखी वाटणार नाही. भाज्यांच्या टेम्पुराच्या पिठात बहुधा अंडे असते, तेही त्याच वेळी विचारून घ्यावे. काकडीचा किंवा अॅव्होकॅडोचा सुशी रोल (समुद्री शेवाळात गुंडाळलेला भात) मात्र बहुतेक वेळा निर्धोक असतो. त्यात अंड्याचे मेयोनीज घालू नये, एवढे सांगावे.

आता बैठकीविषयी. तुम्ही ज्याला साधे जपानी रेस्टॉरंट म्हणता, त्याच्या जवळचा तिकडचा प्रकार म्हणजे ‘इझाकाया’. मुळात दारूच्या दुकानातच बसून पिण्याची सोय असे, त्यावरून हा शब्द आला. पण तेथील खरी रीत लहान लहान बशा मध्ये ठेवून सर्वांनी मिळून खाण्याची आणि बोलत बोलत पुढचे मागवण्याची आहे. सोलापूरकरांना हे वेगळे शिकवावे लागत नाही. हुरड्याच्या आगटीभोवती बसल्यावर कोणी आपले ताट वाढून घेत नाही. एक जण गरम कणीस तळहातावर चोळतो, फुंकर मारून कोंडा उडवतो आणि दाणे आधी शेजारच्याच्या हातावर ठेवतो. तिकडेही आपला पेला स्वतः भरत नाहीत, शेजारणीचा भरतात आणि ती आपला भरते. पेल्यात ग्रीन टी असला तरी हा रिवाज तितकाच गोड वाटतो. म्हणून प्रत्येकीने स्वतंत्र थाळी मागवू नये आणि सर्व पदार्थ एकदम टेबलावर आणवू नयेत.

सुरुवात ‘एदामामे’ने करा. या सोयाबीनच्या कोवळ्या, मिठाच्या पाण्यात उकडलेल्या शेंगा असतात. शेंग ओठांशी धरून बोटांनी दाबली की दाणे तोंडात येतात आणि टरफल वेगळ्या वाटीत टाकायचे असते. उकडलेल्या भुईमुगाच्या शेंगा खात वाढलेल्या हातांना यात नवे काहीच नाही. सुशीही हाताने खाल्लेली चालते. सूपची वाटी उचलून तोंडाला लावणे हीच तिथली पद्धत आहे आणि नूडल्स खाताना फुर्र आवाज झाला तरी कोणी वाईट मानत नाही. जेवणापूर्वी हात पुसण्यासाठी ओला, गुंडाळलेला टॉवेल मिळाला, तर त्याने चेहरा किंवा मान न पुसता फक्त हात पुसावेत. टेरी टॉवेलच्या गावात राहणाऱ्या तुम्हाला त्याची वीण न्याहाळण्याचा मोह होईल, तो मात्र अवश्य पुरा करा.

काड्यांच्या बाबतीत दोनच गोष्टी मनापासून पाळाव्यात, कारण त्या शिष्टाचाराच्या नसून दुःखाशी जोडलेल्या आहेत. भातात काड्या उभ्या खोचू नयेत. मृत व्यक्तीपुढे ठेवलेल्या भाताच्या वाडग्यात त्या तशा खोचतात. तसेच एकीच्या काड्यांतून दुसरीच्या काड्यांत घास देऊ नये, कारण दहनानंतर नातेवाईक अस्थी काड्यांनी उचलतात आणि त्या वेळी एकाच्या काड्यांतून दुसऱ्याच्या काड्यांत देतात. आपल्याकडे अस्थी सावडण्याला जे गांभीर्य आहे, तेच तिथे आहे. बाकी काड्या निसटल्या, घास पडला, तर तो पडू द्यावा आणि सरळ चमचा मागावा.

पदार्थ निवडण्याचे काम पाहुणीवरच सोपवावे, असे मी सुचवेन. तिला तिथल्या रोजच्या जेवणाची सवय आहे आणि तुम्हाला ते समजावून सांगण्यात तिला आनंदच वाटेल; फक्त दोघींचा शाकाहार तिच्या कानावर आधी घालून ठेवावा. शेवट भाताने करावा. गरम भातावर ग्रीन टी ओतून खाण्याचा ‘ओचाझुके’ नावाचा साधा प्रकार असतो. चहाऐवजी डाशी ओतण्याचीही पद्धत असल्याने शाकाहारी मैत्रिणींसाठी तो फक्त चहाचा सांगावा. भरल्या पोटी तो आपल्या ताकभातासारखा हलका जातो.

बिलाविषयी म्हणाल, तर जपानमध्ये मैत्रिणी बिल सारखे वाटून घेतात आणि वेटरला टिप देण्याची पद्धत नाही. तुम्ही पाच जणींनी आपसांत वाटून घ्यावे, माहेरवाशिणीला पर्स उघडू देऊ नये, आणि सोलापूरच्या वेटरला मात्र टिप जरूर द्यावी.