दाखला हातात दिलाय, आता पुढे काय?

दर वर्षी मे महिन्यात, नववीचा निकाल लागला की माझ्याकडे सल्ल्यासाठी येणाऱ्या पालकांकडून एकच प्रश्न वेगवेगळ्या तोंडून येतो. "मुलगा नववीत नापास झालाय. शाळा म्हणते दाखला काढा आणि बाहेरून दहावी द्या. ओपन स्कूलची दहावी पुढे चालते का?" विचारणाऱ्याचा आवाज बहुधा खाली गेलेला असतो, घरातलं काही चोरून सांगावं तसा.

उत्तर एका शब्दात देता येतं, चालते. पण तेवढं सांगून पालकांना घरी पाठवणं मला बरोबर वाटत नाही. का, ते एका मुलाच्या गोष्टीतून सांगते. त्याच्या आईची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. इथे त्याला सोन्या म्हणू.

सोन्या तेव्हा पंधरा वर्षांचा होता. वडील अंबरनाथच्या एमआयडीसीत शिफ्टमध्ये कामाला, आई घरून पोळीभाजीचे डबे देते. पहिल्या भेटीत तो खुर्चीच्या टोकावर बसून माझ्या टेबलफॅनकडे बघत होता. आईने प्रगतीपुस्तक पुढे केलं. गणितात ११, विज्ञानात १४, मराठीत १९. शेवटच्या आठ महिन्यांत सकाळी शाळेची वेळ झाली की पोटात दुखायचं. सोनोग्राफी झाली, काही निघालं नाही. रविवारी पोट दुखायचं नाही हे आईच्याही लक्षात आलं होतं, पण ती ते "नाटक" म्हणायची. मी विचारलं तेव्हा सोन्या एवढंच बोलला, "वर्गात उभं करून वाचायला लावतात."

आठवीपर्यंत तो कुठेच अडकला नव्हता, कारण शिक्षण हक्क कायद्यामुळे अनेक वर्षं आठवीपर्यंत कुणाला मागे ठेवत नव्हते. त्या तरतुदीला मी दोष देत नाही. पण तिच्या आडोशाला कितीतरी मुलं न वाचता नववीपर्यंत पोचली आणि पहिला धक्का त्यांना तिथेच बसला. शिवाय पुढच्या वर्षी दहावीचा निकाल खाली येऊ नये म्हणून काही शाळा नववीतच अशा मुलांना वाट दाखवतात. सोन्याच्या शाळेने तेच केलं होतं. नापास मुलाला त्याच शाळेत पुन्हा नववीला बसता येतं, हे त्या माउलीला कुणी सांगितलंच नव्हतं. दाखला काढूनच ती माझ्याकडे आली होती.

मधल्या काळात तिला एक क्लासवाला भेटला होता. "ओपनमध्ये टाका, गणित सोडता येतं, घरबसल्या पास. गॅरंटी." फी पंचेचाळीस हजार सांगितली होती. सोन्याला ते ऐकून बरं वाटलं होतं. गणित सुटणार, शाळा सुटणार.

मी त्यांना आधी दोन गोष्टी वेगळ्या करून सांगितल्या, कारण नव्वद टक्के गोंधळ इथेच होतो. सतरा नंबरचा फॉर्म आणि ओपन स्कूल हे एक नाही. सतरा नंबरचा फॉर्म भरणारा मुलगा आपल्या राज्य मंडळाचीच दहावी खाजगीरीत्या देतो. तीच पुस्तकं, तेच पेपर. फक्त रोजची शाळा नाही. ज्याला शिकायला जमत होतं पण कामामुळे किंवा आजारपणामुळे शाळा सुटली, त्याच्यासाठी ही वाट चांगली आहे. ज्याला शाळेत शिक्षक असूनही जमत नव्हतं, त्याच्याकडून आपण उरलेसुरले शिक्षकही काढून घेतो.

ओपन स्कूल म्हणजे एनआयओएस, राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था. हे केंद्र सरकारचं मंडळ १९८९ पासून आहे. महाराष्ट्राचं विभागीय केंद्र पुण्यात. चौदा वर्षं पूर्ण झालेल्या मुलाला तिथे दहावीला बसता येतं. पाच विषय घ्यायचे, त्यात किमान एक भाषा. बाकीचे यादीतून निवडायचे. गणित, विज्ञान आहेतच, पण गृहविज्ञान, चित्रकला, डेटा एंट्री, व्यवसाय अध्ययन असेही आहेत. मराठी माध्यमही मिळतं. परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. पाचही विषय एकदम द्यायची सक्ती नाही. नोंदणी पाच वर्षं चालते, तेवढ्यात नऊ संधी मिळतात, आणि पास झालेल्या विषयाचे गुण जमा राहतात. राज्य मंडळाच्या दहावीत आधी काही विषयांत पास झाला असेल तर त्यातल्या दोनपर्यंत विषयांचे गुण इथे वळते करून घेता येतात. सोन्या नववीतच अडकल्यामुळे त्याला त्याचा उपयोग नव्हता.

वडील आतापर्यंत गप्प होते. ते म्हणाले, "म्हणजे गणित सोडूनच टाकू ना, मॅडम?"

मी म्हटलं, थांबा. आधी त्याला काय येत नाही ते बघू.

नववीचं गणिताचं पुस्तक त्याच्यापुढे ठेवलं. शाब्दिक उदाहरणावर त्याची नजर घसरायला लागली, ओठ हलत राहिले, दोन ओळींना चार मिनिटं गेली आणि शेवटी तो म्हणाला, "नाही येत." मग पुस्तक मी हातात घेतलं आणि तेच उदाहरण वाचून दाखवलं. त्याने पंख्याकडे बघत बोटांवर काहीतरी मोजलं आणि उत्तर सांगितलं. बरोबर होतं. दुसरं वाचलं. तेही बरोबर. पाचांतली चार त्याने तोंडी सोडवली. वडील खुर्चीत पुढे सरकले आणि मला म्हणाले, "अजून एक घ्या."

हा मुलगा सुट्टीत मामाच्या दुकानात बसायचा. पंख्यांच्या मोटरचं रिवाइंडिंग. जळालेली कॉइल काढायची, टर्न मोजायचे, तारेचा गेज बघायचा, तितकेच टर्न पुन्हा भरायचे. टर्न कमी पडले तर पंखा गरम होतो, हे त्याने मला त्या दिवशी न अडखळता समजावून सांगितलं. गणित त्याला येत होतं, वाचन येत नव्हतं. आणि क्लासवाला त्याला नेमका येणारा विषय सोडायला सांगत होता.

मुंबईत सायन आणि नायर या पालिकेच्या रुग्णालयांत अध्ययन अक्षमतेची, म्हणजे बुद्धी ठीक असूनही वाचणं, लिहिणं किंवा गणित न जमण्याची, तपासणी होते. डोळे, कान, बुद्ध्यांक, मग लेखन-वाचन-गणिताच्या चाचण्या. एका दिवसात होत नाही, फेऱ्या माराव्या लागतात. सोन्याच्या आईने डब्यांची वेळ सांभाळून लोकलच्या किती फेऱ्या केल्या ते तिचं तिलाच माहीत. निदान आलं, वाचन आणि लेखनाची विशिष्ट अध्ययन अक्षमता. बुद्ध्यांक सरासरीच्या थोडा वर. अपंग हक्क कायदा २०१६ मध्ये या अक्षमतेचा समावेश आहे आणि परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात, राज्य मंडळातही आणि एनआयओएसमध्येही.

इथे माझं मत स्पष्ट सांगते. या निदानाचं प्रमाणपत्र सहावी-सातवीत मिळालं असतं, तर मी सोन्याला शाळेतून काढू दिलं नसतं. सवलती घेऊन त्याच शाळेत, मित्रांमध्ये तो दहावी झाला असता. शाळा सोडणं हा पहिला पर्याय नव्हे. पण त्याची आता शाळेच्या फाटकापाशी पोटात दुखण्याची अवस्था होती, आणि दाखला आधीच निघाला होता. म्हणून एनआयओएस.

विषय ठरवताना आम्ही उलट्या दिशेने गेलो. पुढे काय करायचंय? सोन्या म्हणाला, इलेक्ट्रिशियन. आयटीआयचे वेल्डर, वायरमन असे काही ट्रेड आठवी पासवर मिळतात, पण इलेक्ट्रिशियनला दहावी लागते आणि तीही गणित-विज्ञानासह. फिटरलाही तसंच. गणित सोडून दहावी केली असती, तर गुणपत्रिका हातात आली असती आणि हवा तो दरवाजा नेमका बंद मिळाला असता. ओपनची दहावी "चालत नाही" म्हणणारे कितीतरी लोक खरं तर याच ठिकाणी ठेच लागलेले असतात. अडचण मंडळाची नसते, विषयांची निवड कुणीतरी न विचारता करून दिलेली असते. म्हणून मराठी, गणित, विज्ञान, चित्रकला आणि डेटा एंट्री. प्रवेश आईने स्वतः संकेतस्थळावरून घेतला. शेजारच्या मुलीने मदत केली. खर्च पंचेचाळीस हजारांच्या जवळपासही गेला नाही.

आता खरी अडचण. एनआयओएस पुस्तकं देते, अभ्यास केंद्र देते, तिथे काही संपर्क वर्ग होतात, परीक्षा घेते. दिवस देत नाही. शाळेत घंटा असते, डबा खायची वेळ असते, बाकावर शेजारी कुणी असतं. शाळा सुटली की हे सगळं जातं, आणि पंधरा वर्षांचं पोर सकाळी अकराला उठून मोबाइल बघत बसतं. माझ्याकडे ओपनमधून आलेली जी मुलं अडकली, ती अभ्यास कठीण होता म्हणून अडकली नाहीत. त्यांच्या दिवसाला काही आकारच उरला नव्हता.

म्हणून सोन्याचा दिवस आम्ही कागदावर आखला. आठ ते दहा, इमारतीतली कॉलेजला जाणारी ताई धडे मोठ्याने वाचणार आणि मोबाइलवर रेकॉर्ड करणार. साडेदहाला आईसोबत डबे भरायचे, त्याच वेळी कानात धडा. दुपारी गणित, एकट्याने. चार ते सात मामाचं दुकान. संध्याकाळी मैदान, कारण शाळेतले मित्र तिथे भेटायचे आणि ते तुटू द्यायचे नव्हते. वडिलांना मी एकच काम दिलं होतं, घरी आल्यावर "किती झालं?" असं न विचारता "काय ऐकलंस आज?" असं विचारायचं. पहिला महिना त्यांना ते अजिबात जमलं नाही.

असाइनमेंटवरून मात्र आमचं एकदा वाजलं. एनआयओएसमध्ये ट्यूटर मार्क्ड असाइनमेंटला, म्हणजे टीएमएला, वीस टक्के गुण असतात. बाजारात त्या लिहून देणारे भरपूर आहेत आणि आईने अडीच हजार देऊन काम उरकायचं ठरवलं होतं. मी नाही म्हटलं. तुटक्या अक्षरात, चुकांसकट त्याने स्वतः लिहिल्या. त्या लिहितानाच त्याला पहिल्यांदा कळलं की प्रश्नाचं उत्तर चार ओळीत कसं मांडायचं.

फेब्रुवारीपर्यंत सगळं बरं चाललं. मार्च आला आणि पंख्यांचा सीझन सुरू झाला. उन्हाळ्याच्या तोंडावर लोक माळ्यावरचे पंखे काढून आणतात. मामाकडे ढीग लागला. चार ते सातचे दहा ते नऊ झाले. पोराच्या हातात पैसे यायला लागले. घरातही ते कुणाला वाईट वाटत नव्हतं, हे मी समजू शकते. परीक्षा एप्रिलमध्ये होती.

मी मामाला बोलावलं. तो येताना घाबरूनच आला होता, रागावेन असं वाटून. मी त्याला विचारलं, "तुमच्याकडे उद्या मोठी सोसायटी वायरिंगचं काम घेऊन आली, तर घेता येईल?" तो म्हणाला, "लायसन नाही ना, मॅडम." पुढे मला काही बोलावं लागलं नाही. दुसऱ्या दिवसापासून सोन्याला दुकानात चारच्या आधी पाय ठेवायला बंदी झाली. मामाने मदतीला दुसरा पोरगा ठेवला, स्वतःच्या खिशातून. या सगळ्या गोष्टीत मला सगळ्यात जास्त आदर त्या माणसाचा वाटतो.

एप्रिलमध्ये सोन्याने चार विषय दिले, विज्ञान मुद्दाम मागे ठेवलं. गणितात ५८. चित्रकला, डेटा एंट्री निघाले. मराठीत ३३ लागतात, त्याला २९ पडले. निकाल बघून तो दोन दिवस बोलला नाही. मातृभाषेत नापास झाल्याचं दुःख काय असतं ते मी त्याच्या चेहऱ्यावर पाहिलं. मी त्याला फक्त कागदावर दाखवलं की तीन विषय खिशात आहेत, ते पुन्हा द्यायचे नाहीत, आणि आता ऑक्टोबरपर्यंत दोनच पुस्तकं आहेत. शाळेत असता तर हाच मुलगा "नापास" एवढ्या एका शब्दात संपला असता.

ऑक्टोबरमध्ये दोन्ही विषय सुटले. मराठीत ४१.

पुढच्या जूनमध्ये आयटीआयची प्रवेशप्रक्रिया झाली. कागदपत्रांच्या तपासणीला आई स्वतः गेली होती. गुणपत्रिका, प्रमाणपत्र, एनआयओएसचं स्थलांतर (मायग्रेशन) प्रमाणपत्र आणि शाळेचा जुना दाखला, सगळं एका प्लास्टिकच्या फाइलमध्ये क्रमाने लावलेलं. (हे स्थलांतर प्रमाणपत्र पालक घरी विसरतात आणि मग धावपळ होते. जपून ठेवा.) खिडकीवरच्या माणसाने गणित आणि विज्ञानाच्या गुणांवर पेन टेकवलं, शिक्का मारला आणि पुढचा नंबर पुकारला.

तिने तिथूनच फोन केला होता. मागे लाउडस्पीकरवर नावं ऐकू येत होती. इलेक्ट्रिशियन ट्रेड मिळाल्याचं सांगून झालं, पेढ्यांचं बोलणं झालं, तरी ती फोन ठेवेना. मग म्हणाली, "मॅडम, धाकटी चौथीत आहे. तीपण वाचताना अशीच ओळ सोडते. शाळेत म्हणतात लक्ष नसतं तिचं. तिला कधी आणू?"

"शनिवारी आणा," म्हटलं, "पुस्तक घेऊन या."