वाचक विचारतात : दाखल रजिस्टरपासून बारकोडपर्यंत

प्रश्न : आमचं वाचनालय रोज संध्याकाळी दोन तास उघडं असतं. पुस्तकं चार हजारांच्या आसपास, सभासद अडीचशे, पगारी माणूस एकही नाही. ‘कोहा’ हे वाचनालयाचा कारभार सांभाळणारं सॉफ्टवेअर फुकट मिळतं म्हणतात. थेट तेच बसवावं का? (कार्यकर्ते, सातारा जिल्हा)

उत्तर : कोहा फुकट आहे, ते सांभाळणारा माणूस फुकट मिळेलच असं नाही. ते डेबियन किंवा उबुंटू लिनक्सवर, म्हणजे विंडोजऐवजी वापरायच्या मोफत प्रणालीवर चालतं. ८ जीबी रॅम आणि एसएसडी घातलेला जुना डेस्कटॉप तुमच्यासाठी पुरेसा आहे. पण लिनक्सला न बिचकणारी निदान दोन माणसं गटात हवीत. एकच असला आणि तो नोकरीसाठी गाव सोडून गेला, तर कपाटाची किल्लीही त्याच्याबरोबर गेली म्हणून समजा.

तोवर स्प्रेडशीटमध्ये तीन पानं करा : पुस्तकं, सभासद, देवघेव. देवघेवीला चारच रकाने पुरतात : पुस्तक क्रमांक, सभासद क्रमांक, नेल्याची तारीख, परतीची तारीख. परतीचा रकाना रिकामा असलेल्या ओळी फिल्टर केल्या की बाहेर असलेली पुस्तकं समोर येतात. पुढे कोहा घेतलंत तर पुस्तकांची यादी मार्कएडिट या मोफत सॉफ्टवेअरमधून मार्क नोंदींत, म्हणजे ग्रंथालयांच्या ठरलेल्या साच्यातल्या नोंदींत बदलता येते. त्या साच्यात बारकोड ९५२ क्षेत्राच्या ‘पी’ उपक्षेत्रात जातो. सभासदांची सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी फाइल) कोहा थेट घेतं.

नोंदणीसाठी वाचनालय बंद ठेवू नका. जोडीने बसा, एकाने शीर्षकपान वाचायचं, दुसऱ्याने टाइप करायचं. ताशी २५ पुस्तकं धरली तर १६० तासांचं काम आहे. दोन जोड्या शनिवार-रविवार दोन-दोन तास बसल्या तर वीस आठवडे लागतील. सुरुवात पहिल्या कपाटाच्या पहिल्या फळीपासून नको. परत आलेलं पुस्तक नोंद झाल्याशिवाय फळीवर ठेवायचं नाही, एवढा एकच नियम करा. वाचली जाणारी पुस्तकं आपोआप आधी उरकतात, आणि वर्षानुवर्षं कुणी हात न लावलेली शेवटी उरतात. ती नोंदवायची की बाद करायची, हे तेव्हा समितीत ठरवा.

प्रश्न : बारकोड स्कॅनर घेतला. कधी नंबर बरोबर येतो, कधी तेच पुस्तक ‘सापडत नाही’. स्कॅनर बिघडलाय का? (एक ग्रंथपाल, डोंबिवली)

उत्तर : बहुतेक नाही. संगणकाच्या लेखी स्कॅनर म्हणजे दुसरा कीबोर्ड. पुस्तकाचं नाव टाइप करून कीबोर्ड मराठीवरच राहिला, तर काही मांडण्यांत इंग्रजी आकड्यांऐवजी देवनागरी आकडे पडतात. माणसाला दोन्ही एकच, यंत्राला वेगळे. देवघेवीच्या टेबलावर कीबोर्ड इंग्रजीवरच ठेवा. स्कॅन करून आधी नोटपॅडमध्ये पाहा. आकड्यांनंतर कर्सर खालच्या ओळीवर गेला पाहिजे. जात नसेल तर स्कॅनरच्या माहितीपुस्तिकेत ‘एंटर’ जोडण्याचा बारकोड असतो, तो एकदा वाचवून घ्या.

दुसरा संशयित म्हणजे शून्य. ००३४७ असा नंबर दिलात तर एक्सेल पुढची शून्यं खाऊन टाकतं. त्यापेक्षा दाखल क्रमांकात १०००० मिळवा : ३४७ चा १०३४७. लांबी सारखी राहते आणि रजिस्टरमधला क्रमांक डोळ्यांना दिसतो. सभासदांना ५०००१ पासून द्या, म्हणजे कार्ड आणि पुस्तक यांची गल्लत लगेच कळेल.

लेबलं ‘कोड १२८’ या बारकोड प्रकारात लेझर प्रिंटरवर छापा; इंकजेटची शाई पावसाळ्यात ओल्या बोटांनी पसरते. ए-४ वर ६५ लेबलांचं पान (३८.१ × २१.२ मिमी) घेतलं तर चार हजारांना ६२ पानं लागतात. छापताना ‘पानात बसवा’ हा पर्याय बंद करून १०० टक्के ठेवा. नाहीतर छपाई जराशी आक्रसते, आणि पहिली ओळ नीट असली तरी तेराव्या ओळीपर्यंत रेघा लेबलाच्या कडेवर येतात. लेबल मलपृष्ठावर सपाट जागी लावा. वरून चकचकीत सेलोटेप लावली तर प्रकाश परावर्तित होतो आणि स्कॅनर अडतो. तो थोडा तिरका धरून पाहा.

प्रश्न : यादीत ‘बिऱ्हाड’ शब्द असलेली सहा पुस्तकं आहेत, शोधल्यावर चारच येतात. (वाचक, इंदूर)

उत्तर : हा ‘ऱ्ह’ दोन प्रकारे टाइप होतो : नुक्त्याचा ऱ आणि हलन्त, किंवा साधा र, हलन्त आणि न दिसणारं जोडक चिन्ह. पडद्यावर हुबेहूब सारखे दिसतात. दोघा जणांनी दोन वेगळे कीबोर्ड वापरले की हे होतंच. न सापडलेल्या नोंदीतला शब्द कॉपी करून ‘फाइंड-रिप्लेस’मध्ये टाका आणि एकाच रूपात आणा. ‘ऱ्य’साठीही तेच करा. यादी सीएसव्हीत साठवताना ‘यूटीएफ-८’ हाच अक्षरं साठवण्याचा प्रकार निवडा, नाहीतर मराठीच्या जागी प्रश्नचिन्हं उरतात. कोहा वापरत असाल तर झेब्रा या त्याच्या शोधयंत्रात आयसीयू ही वेगवेगळ्या लिप्या हाताळणारी पद्धत चालू करून सगळी सूची नव्याने बांधा, देवनागरी शोध पुष्कळ सुधारतो.

टाइप करणं टाळायला अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमधून पुस्तकांच्या तयार नोंदी ओढता येतात, पण मराठी पुस्तकांची नावं तिथे बहुतेक रोमन लिपीत असतात. आयत्या नोंदींचा मोह मराठी कपाटापुरता सोडा.

प्रश्न : बॅकअप कसा घ्यावा? आणि आरएफआयडी परवडेल का? (कार्यवाह, रत्नागिरी)

उत्तर : कोहा रोज आपोआप प्रत काढतं, पण त्याच डिस्कवर, आणि मूळ मांडणीत दोनच दिवसांची ठेवतं. डिस्क गेली की दोन्ही गेलं. दोन पेनड्राइव्ह घ्या, दर आठवड्याला आलटूनपालटून प्रत काढा, एक कुणाच्या तरी घरी राहू द्या. तीन महिन्यांतून एकदा ती प्रत दुसऱ्या संगणकावर उघडूनही पाहा.

आरएफआयडी, म्हणजे रेडिओलहरींनी चिप वाचून पुस्तक ओळखणारी पद्धत, नको. प्रत्येक पुस्तकाला चिप, शिवाय ती वाचणारं यंत्र. तेवढ्या पैशांत एक कपाटभर नवी पुस्तकं येतील.