गावात कानाचा डॉक्टर नाही. कान दुखला की मेडिकलवाल्याला विचारून ड्रॉप्स घातले तर चालतात का?

विचारा जरूर, पण दरवेळी ड्रॉप्स मिळतीलच असं धरून येऊ नका. माझं सांगोला तालुक्यातल्या एका गावात मेडिकल आहे, तेव्हा काउंटरच्या आतल्या बाजूनं सांगतो.

आमच्याकडे लोक येतात ते 'दडे बसलेत', 'कान ठणकतोय' किंवा 'कान फुटलाय' असं म्हणत. आणि हात पुढं करून, 'ते कानात घालायचं द्या.' जे मागतात त्यात बहुतेक वेळा चार औषधं एकत्र असतात: अँटिबायोटिक, बुरशीचं औषध, स्टेरॉईड आणि कान सुन्न करणारं लिग्नोकेन. ठणका तासाभरात कमी होतो तो लिग्नोकेनमुळे. आजार आहे तिथंच असतो, पण बाटलीचं नाव गावभर होतं.

खरी अडचण पडद्याची आहे. पडदा शाबूत असेल तर मळ मऊ करणारे ड्रॉप्स बिनधास्त घाला. पडद्याला भोक असेल तर तेच ड्रॉप्स आत उतरून आग करतात, आणि जेंटामायसिन, निओमायसिनसारखी औषधं आतल्या कानाला इजा करू शकतात. ऐकण्याच्या पेशी एकदा मेल्या की परत येत नाहीत. हा पडदा मला काउंटरवरून दिसत नाही. इंग्लंडमध्ये जानेवारी २०२४ पासून औषध दुकानातला फार्मासिस्ट १ ते १७ वर्षांच्या मुलांचा कान ऑटोस्कोपनं, म्हणजे कानात बघायच्या दिव्याच्या यंत्रानं, बघतो आणि नियमात बसलं तर अँटिबायोटिकही देतो. तिथं त्याला तसं प्रशिक्षण आणि तसा अधिकार दिलाय. आपल्याकडे अँटिबायोटिकचे ड्रॉप्स शेड्यूल एचमध्ये येतात, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय द्यायचे नाहीत. किती दुकानात हे पाळतात ते तुम्हालाही माहीत आहे.

म्हणून माझ्या हातात राहतं ते विचारणं. कधीपासून? पाणी किंवा पू येतो का, त्याला वास आहे का? ताप, चक्कर? साखर आहे का? कानाची पाळी ओढली की दुखतं का? ओढल्यावर कळ आली तर दुखणं बहुधा बाहेरच्या नळीत असतं. विहिरीत पोहून आलेल्या पोरांचं हेच असतं. सर्दीनंतर रात्री अचानक ठणका लागला आणि पाळीला हात लावला तरी काही होत नसेल, तर पडद्यामागं बहुधा काहीतरी साचलेलं असतं. तिथं वरून ड्रॉप्स घालून काही उपयोग नाही. नुसती खाज असेल तर बुरशीची शंका येते, आणि मग आधी काडी, हेअरपिन, किल्ली बंद करा म्हणून भांडावं लागतं.

आणखी एक प्रश्न मी हमखास विचारतो: घरी काय घातलंत? एक मावशी नातवाला घेऊन आल्या होत्या. पोराच्या कानात कापसाचा बोळा, तो पिवळा झालेला, आणि जवळ गेलं की लसणाच्या तेलाचा वास. पिशवीतून एक बाटली काढली. लेबल पुसलेलं, तळाशी थोडं औषध. 'मागल्या साली ह्याच्या आजोबाला ह्यानंच बरं वाटलं, असलीच द्या.' मी बाटली ठेवून घेतली, पोराच्या वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल दिलं, कान कोरडा ठेवायला सांगितलं आणि तालुक्याला पाठवलं. पडद्याला भोक निघालं. मावशी चिडल्या होत्या. गाडीभाडं घालून दवाखान्यात जायचं, तर मेडिकल कशाला, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या बाजूनं ते चूक नाही.

कानामागं सूज, तोंड वाकडं होणं, एका कानानं अचानक ऐकू न येणं, साखर असलेल्या म्हाताऱ्या माणसाला रात्री झोपू न देणारा ठणका: यात मेडिकलला थांबूच नका. अचानक गेलेल्या ऐकण्याला स्टेरॉईड पहिल्या काही दिवसांतच नीट लागू पडतं. पोरानं घड्याळाचा बटण सेल कानात घातला असेल तर एक थेंबसुद्धा टाकू नका, तशीच गाडी काढा. हरभरा गेला असेल तर पाणी नको, तो फुगतो.

साधा मळ असेल, आधी कधी कान वाहिलेला नसेल, तर मी मळाचे ड्रॉप्स देतो. बाटली मुठीत धरून कोमट करा, गार थेंबांनी गरगरतं. मोठ्या माणसाची पाळी वर आणि मागं ओढायची, लहान मुलाची खाली आणि मागं. पाच मिनिटं कुशीवर पडून राहायचं. सुरुवातीला मळ फुगून दडे जास्तच बसल्यासारखे वाटतात, घाबरू नका. चार-पाच दिवसांत मोकळं झालं नाही तर धुऊन घ्यायला जा. उघडलेली बाटली महिन्यानंतर फेकून द्यायची.

दुकानात गेल्यावर काउंटरवरच्या पोराला नको, फार्मासिस्टला विचारा; त्याचं रजिस्ट्रेशन भिंतीवर लावलेलं असतं. काही न विचारता बाटली पुढं सरकवणाऱ्याकडून कानाचं औषध घेऊ नका. आणि मूल सरकारी किंवा अनुदानित शाळेत किंवा अंगणवाडीत जात असेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तिथं तपासणीला येतं. त्यात कानही बघतात, पैसे लागत नाहीत, आणि पुढं दवाखान्यात पाठवायची व्यवस्थाही तेच करतात. कान अधूनमधून वाहतो एवढं बाईंना आधी सांगून ठेवा.